अस्सल कोणतं, नक्कल कोणती?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना दोन वाद्यं वाजवून दाखवली होती. ती जागा मजकुरात कंसात दाखवली आहे.)



जेवणानंतरचं पहिलं भाषण माझ्या वाट्याला आलं आहे. मसालेभातानंतर कोणाला झोप लागली तर मला राग येणार नाही. तासाला मागच्या बाकावर मीही झोपत होतोच, हे सरांना ठाऊक आहे.

संयोजकांनी सांगितलं, प्रत्येकाने आपल्या धंद्याबद्दल वीस मिनिटं बोलायचं. आपल्यात डॉक्टर आहेत, बँकेतले आहेत, शेतीत नाव काढलेले आहेत. मी वाद्यं दुरुस्त करतो. म्हणजे तबल्याला शाई लावत नाही, तर विजेवर चालणारी वाद्यं. कीबोर्ड, ॲम्प्लिफायर, मिक्सर, सिंथेसायझर. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी शाळेचा लाउडस्पीकर खोलून ज्याने तो बंद पाडला होता, तोच मी. तेव्हा बंद पाडला, पुढे चालू करायला शिकलो, एवढाच काय तो फरक.

या टेबलावर कापडाखाली दोन यंत्रं आहेत. आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. त्यातलं एक आज बाजारात दोन-तीन लाखांच्या घरात जातं. दुसरं पंधरा हजारांच्या आसपास मिळतं. पहिलं अस्सल आणि दुसरं त्याची नक्कल, असं लोक म्हणतात. मीही म्हणायचो. आणि तसं म्हणता म्हणता मी एक चूक केली. ती चूक याच सभागृहात बसलेल्या एका माणसाच्या घरी पोचली आहे. त्याचं नाव घेत नाही, तो समोरच बसला आहे. ती गोष्ट सांगायचीच आहे, पण त्याआधी हे यंत्र काय आहे ते सांगतो, म्हणजे चूक किती मोठी होती ते कळेल.

आपण दहावी झालो ते साल १९८१. त्याच सालाच्या शेवटी जपानच्या रोलँड कंपनीने टीबी-३०३ नावाचा एक चंदेरी रंगाचा छोटा डबा बाजारात आणला. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. बेस म्हणजे गाण्यातला खालचा, खर्जातला आवाज. आपण गाणं ऐकतो तेव्हा त्याकडे लक्ष जात नाही, पण तो काढून घेतला तर घराचा पाया काढल्यासारखं वाटतं. हा डबा तयार करणाऱ्या अभियंत्याचं नाव तादाओ किकुमोतो. कल्पना साधी होती. एकटा गिटारवादक घरी बसून सराव करतो, त्याच्या साथीला बेस वाजवणारा माणूस नसतो, तर त्याच्या जागी हा डबा. आपल्याकडे गवई लोक सरावाला तानपुऱ्याचा इलेक्ट्रॉनिक डबा घेऊन बसतात ना, तसाच प्रकार.

आतलं काम थोडक्यात सांगतो. विज्ञानाच्या बाई समोर आहेत, चुकलो तर त्या थांबवतीलच.

यात आवाज साठवलेला नसतो. आतल्या मंडळात विजेचा दाब वरखाली होतो, आणि तीच हालचाल स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर येते. म्हणून याला ॲनालॉग म्हणतात. या डब्यात मूळ आवाज दोनच. एकाचा आलेख करवतीच्या दातांसारखा, दुसऱ्याचा चौकोनी. पण खरी करामत पुढच्या फिल्टरची. आता सगळ्यांनी एक करा. तोंड उघडून 'आ' म्हणा, आणि ओठ हळूहळू मिटत 'ऊ' पर्यंत या. हं, मोठ्याने. गळ्यातला सूर तोच राहिला, पण आवाज बदलला, कारण तोंडाचा आकार बदलला आणि वरचे बारीक स्वरांश अडले. फिल्टर हेच करतो. डायोडसारखे जोडलेले ट्रान्झिस्टर एकावर एक शिडीसारखे बसवले आहेत, आणि एक बटण फिरवलं की ते 'आ' पासून 'ऊ' पर्यंत जातात. त्याच्या शेजारी दुसरं बटण आहे, रेझोनन्सचं. ते वाढवलं की आवाज शीळ घातल्यासारखा टोकदार होतो, पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखा वाटतो.

आणखी दोन गोष्टी आहेत. एक ॲक्सेंट, म्हणजे एखाद्या स्वरावर वजन टाकणं. दुसरी स्लाइड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. आपल्या भाषेत मींडच. सोळा घरांची एक ओळ भरायची, कुठे वजन, कुठे मींड ते सांगायचं, की यंत्र ती ओळ फिरून फिरून वाजवत राहतं.

कल्पना चांगली, पण माल खपला नाही. अमेरिकेत किंमत होती ३९५ डॉलर. सूर एका पद्धतीने भरायचे, त्यांची लय दुसऱ्या पद्धतीने भरायची, असा घोळ होता. शिवाय सेल काढले की भरलेलं सगळं विस्कटून जायचं. आणि मुख्य म्हणजे आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता. गिटारवाल्यांनी नाक मुरडलं. साधारण दहा हजार नग तयार झाले आणि १९८४ मध्ये कंपनीने उत्पादन बंद केलं. हे डबे जुन्या मालाच्या दुकानात मिळेल त्या किमतीला जाऊ लागले.

म्हणजे बघा, आज ज्याला आपण अस्सल म्हणून डोक्यावर घेतो, तो डबा मुळात बेस गिटारवादकाची नक्कल करायला निघाला होता. आणि ती नक्कलही त्याला जमली नाही.

मग तो मोठा कसा झाला? अमेरिकेत शिकागो नावाचं शहर आहे. तिथल्या फ्यूचर नावाच्या गटातल्या तरुण मुलांच्या हाती असा एक जुना डबा लागला. बेस गिटारचा आवाज काढायचा नादच त्यांनी सोडला. ओळ फिरत ठेवली आणि ती वाजत असताना बटणं फिरवत राहिले, 'आ' पासून 'ऊ', 'ऊ' पासून 'आ'. १९८७ मध्ये त्यांची 'ॲसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड आली आणि ॲसिड हाउस नावाचा नाचाच्या संगीताचा एक नवा प्रकार सुरू झाला. तो पुढे इंग्लंडात आणि सगळ्या युरोपात पसरला.

पण त्याच्याही पाच वर्षं आधी याच यंत्रावर एक वेगळं काम झालं होतं, आणि ते आपल्या मुंबईत. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. गिटार वाजवायचे, कीबोर्ड वाजवायचे. त्यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रं घेतली. ज्युपिटर-८ हा मोठा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालाचं यंत्र, आणि आपला हा टीबी-३०३. या तिघांवर त्यांनी दहा राग वाजवले. यमन, ललित, मेघमल्हार, कलावती, असे. रेकॉर्डचं नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. एचएमव्हीने ती काढली. खपली नाही. शास्त्रीय ऐकणाऱ्यांना त्यात डिस्को दिसला आणि डिस्कोवाल्यांना राग दिसला. २०१० मध्ये एका डच कंपनीने ती पुन्हा काढली, तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, की शिकागोचा तो आवाज त्याच्याआधी पाच वर्षं मुंबईत कसा? शिकागोच्या मुलांना यातलं काही माहीत नव्हतं आणि यांना त्यांचं नव्हतं. माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याला विचाराल तर उत्तर त्या स्लाइडमध्ये आहे. ज्या यंत्रात मींड आहे, त्याच्याकडे राग वाजवणाऱ्याचं लक्ष जाणारच. चरणजित सिंग २०१५ मध्ये मुंबईत वारले. जाण्यापूर्वी त्यांना हे कौतुक पाहायला मिळालं, याचं मला बरं वाटतं.

आता माझ्याकडे असलेल्या यंत्राची हकिगत.

दहावीनंतर मी आयटीआय केलं आणि मुंबईला गेलो. लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत एका दुकानात आधी रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, मग ऑर्केस्ट्रावाल्यांचे कीबोर्ड, असं करत करत स्वतःचं छोटं दुकान थाटलं. त्या काळात अशी वाद्यं आपल्याकडे दुकानात मिळत नसत. कोणी सिंगापूरहून आणायचं, कोणी दुबईहून. बिघडलं तर सुटे भाग नाहीत, की विचारायला कोणी नाही. १९९० साली एका ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याने हा डबा माझ्याकडे टाकला. बटण फिरवलं की खरखर यायची. मी दुरुस्त केला, बिल झालं साडेतीनशे रुपये. तो काही न्यायला येईना. शेवटी एकदा रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "ऑर्केस्ट्रा बंद पडला दादा, पैसे नाहीत. डबा तूच ठेवून घे."

तो डबा दहा वर्षं माझ्या फळीवर धूळ खात पडला होता. मग एकदा एका संगीतकाराचा साहाय्यक दुकानात आला, फळीकडे बघितलं आणि जागच्या जागी थबकला. त्याच्याकडून मला कळलं की फळीवर काय आहे. त्या दिवसापासून मी तो डबा पुसायला लागलो. खोटं कशाला बोलू, माझी मानही थोडी ताठ झाली. "माझ्याकडे अस्सल तीनशेतीन आहे," असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. वाजवत मात्र क्वचितच होतो. जपून ठेवलेला होता.

दरम्यान जगात याच्या नकला निघत होत्या. दहाच हजार नग, मागणी लाखांची, मग दुसरं काय होणार? १९९७ मध्ये स्वीडनच्या एका कंपनीने संगणकावर चालणारी नक्कल काढली, रीबर्थ नावाची. २००५ च्या सुमाराला अमेरिकेतल्या लिमोर फ्रीड या अभियंता बाईंनी याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला आणि घरी बसून जोडायचा संच विकायला काढला. खुद्द रोलँडने २०१६ मध्ये टीबी-०३ काढला, पण तो आतून डिजिटल, म्हणजे गणिताने तो आवाज घडवणारा. आणि २०१९ च्या शेवटी बेरिंजर कंपनीने टीडी-३ आणला. हा मात्र आतून ॲनालॉगच. मूळचंच मंडळ, मूळचीच डायोडची शिडी, फक्त सुटे भाग आजच्या पद्धतीचे, तांदळाच्या कणीएवढे, पाटीवर यंत्राने चिकटवलेले. वर एक आवाज फाडणारं डिस्टॉर्शन, आणि संगणकाला जोडायची सोय. किंमत दीडशे डॉलरच्या आसपास.

आता ती चूक.

तीन वर्षांपूर्वी आपल्या एका वर्गमित्राची मुलगी दुकानात आली. इंजिनिअर झालेली, नोकरी करणारी, आणि रात्री घरी बसून संगीत करणारी. पहिल्या पगारातून तिने हा टीडी-३ घेतला होता. बाबांनी सांगितलं म्हणून काकांना दाखवायला आणला. पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवला. तिच्या तोंडावरचा आनंद मला अजून आठवतो. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "हे खेळणं आहे गं. चिनी नक्कल. खरा आवाज ऐकायचा तर तो बघ, फळीवर आहे तो. यावर पैसे घालवलेस उगाच."

ती काही बोलली नाही. यंत्र परत पिशवीत घातलं. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाली, "काका, तुम्ही चालू कुठे करून बघितलंत?"

आणि गेली.

मित्रांनो, चाळीस वर्षं मी दुरुस्तीचं काम करतो. गिऱ्हाइकाने काहीही सांगू दे, यंत्र चालू करून बघितल्याशिवाय मत द्यायचं नाही, हे मी माझ्या हाताखालच्या पोरांना शिकवतो. मला ते बाईंनी शिकवलं होतं. प्रयोगशाळेत मी वहीत उत्तर आधी लिहून ठेवायचो आणि मग प्रयोग करायचो. बाईंनी वही हातातून काढून घेतली होती आणि म्हणाल्या होत्या, "आधी मोज, मग लिही." आणि इथे मी न मोजताच लिहून मोकळा झालो होतो.

त्या रात्री नीट झोप लागली नाही. पंधरा दिवसांनी मी स्वतःच एक टीडी-३ विकत घेतला. आणि मोजायला बसलो.

दोन्ही यंत्रांत एकच ओळ भरली. दोन्हींच्या तारा एका स्विचला आणल्या. मी भिंतीकडे तोंड करून बसलो आणि मुलगा मागे स्विच बदलत राहिला. दहापैकी नऊ वेळा मी अस्सल बरोबर ओळखलं. कान टवकारून उठलो. म्हटलं, बघ, मी म्हणत नव्हतो? अस्सलच्या आवाजाला कशी ऊब आहे!

पण मनात शंका आली. ऊब म्हणजे नक्की काय? ऑसिलोस्कोप लावला, म्हणजे आवाजाचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र. तेव्हा दिसलं की माझ्या अस्सल यंत्राच्या आवाजाखाली सतत एक बारीक गुणगुण चालू आहे. ते चालवायला मी जो जुना ॲडाप्टर वापरत होतो, त्यातला कपॅसिटर म्हातारा झाला होता, आणि घरातल्या विजेची गुणगुण आत झिरपत होती. शिवाय अस्सलचा आवाज जराशा जास्त पातळीवर लागलेला होता. मी ज्याला ऊब म्हणत होतो, ती एक बिघाड झालेली वस्तू होती. गिऱ्हाइकाचं यंत्र असतं तर मी तो बिघाड काढून पैसे घेतले असते.

कपॅसिटर बदलला. दोन्हींची पातळी मोजून सारखी केली. आतल्या बारीक स्क्रूने फिल्टर जुळवला. पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसलो. या वेळी वीसपैकी अकरा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढे आलेच असते.

म्हणजे फरक नाहीच का? आहे. मोजलं म्हणून सांगतो. माझ्या या दोन नगांत रेझोनन्स अगदी शेवटपर्यंत नेलं आणि ॲक्सेंटचे स्वर एकापाठोपाठ एक आले, की अस्सल यंत्र थोडं वेगळं वागतं. दर ठोक्याला आवाज थोडाथोडा वर चढत गेल्यासारखा वाटतो. नवीन यंत्रात तो चढ जरा कमी आहे. चौकोनी आवाजाचा आकारही दोघांत थोडा निराळा आहे. शांतपणे, मुद्दाम कान देऊन ऐकलं तर कळतं. ढोल-झांजांबरोबर वाजत असताना मला तरी कळत नाही.

पण गंमत पुढे आहे. ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याकडे आणखी एक अस्सल तीनशेतीन आहे. ते एक दिवस मागून आणलं आणि तीनही शेजारी ठेवले. तेव्हा दिसलं की त्या दोन अस्सलांतला आपसातला फरक, हा माझ्या अस्सलात आणि नकलेत जेवढा आहे, त्यापेक्षा जास्त आहे. चाळीस वर्षांत प्रत्येकाचे सुटे भाग आपापल्या पद्धतीने म्हातारे झाले. कोणाची आर्द्रता वेगळी, कोणाची धूळ वेगळी. आपल्या बॅचसारखंच. एका साच्यातून निघालो आणि आता बघा एकमेकांकडे!

मग अस्सल आवाज कोणता? १९८१ साली कारखान्यातून निघाला तेव्हाचा, की आज माझ्या फळीवर आहे तो? तेव्हाचा म्हणत असाल, तर सगळे भाग नवे असलेलं यंत्र त्याच्या जास्त जवळ असण्याचा संभव आहे. आजचा म्हणत असाल, तर तो त्या यंत्राचा कमी आणि मुंबईच्या दमट हवेचा जास्त आहे.

(इथे कापड न काढता दोन्ही यंत्रांवर एकच ओळ वाजवून दाखवली आणि अस्सल कोणतं ते हात वर करून सांगायला सांगितलं. पहिल्यासाठी २३ हात वर झाले, दुसऱ्यासाठी २६. मग कापड काढलं. अस्सल पहिलं होतं.)

सव्वीस जणांनी पंधरा हजारांच्या यंत्राला अस्सल ठरवलं आहे. घाबरू नका, मी तुमच्यातलाच आहे.

आता दोन गोष्टी नकलेच्या विरुद्धही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की याने कंपनीकडून पैसे खाल्ले.

पहिली माझ्या धंद्यातली. जुनं यंत्र मी उघडू शकतो. प्रत्येक भाग बोटात धरता येतो, काढता येतो, आणि कंपनीने छापलेला मंडळाचा नकाशा उपलब्ध आहे. काही भाग आता बनत नाहीत. बीए-६६२ नावाची चिप केव्हाच बंद झाली. पण लोकांनी त्यालाही पर्याय काढले. म्हणून चाळीस वर्षांनंतरही ते चालू आहे. नव्यात कणीएवढे भाग आहेत. माझ्या या वयात भिंगाखालीही हात थरथरतो. ते बिघडलं तर लोक फेकून देतील आणि दुसरं घेतील. चाळीस वर्षांनी हे टीडी-३ किती चालू असतील, याची मला शंका आहे. स्वस्त वस्तूची ही किंमत आपण मोजतो, फक्त ती पावतीवर छापलेली नसते.

दुसरी गोष्ट श्रेयाची. हा आराखडा किकुमोतोंच्या डोक्यातून निघाला. आज कायद्याने त्याची नक्कल करायला हरकत नसेल, कारण इतक्या वर्षांत पेटंटची मुदत उलटून जाते. पण नक्कल करणाऱ्याने मूळ कोणाचं ते विसरू नये, आणि वाजवणाऱ्यानेही. आमच्याकडे कोणी टीडी-३ घेऊन आला की मी त्याला किकुमोतोंचं नाव सांगतो. चरणजित सिंगांचंही सांगतो. यंत्राच्या डब्यात ते मिळत नाही.

पण या दोन गोष्टी वजनाला घालूनही माझं मत बदललं आहे. कारण हे यंत्र मोठं झालं ते महाग झाल्यामुळे नाही, स्वस्त झाल्यामुळे. कंपनीने हात टेकले, किंमत पडली, आणि ज्यांच्याकडे नवं घ्यायला पैसे नव्हते त्यांच्या हातात ते गेलं. तेव्हा कुठे त्याला त्याचा आवाज सापडला. आज तेच अस्सल यंत्र कोणाच्या हातात जातं? काचेच्या कपाटात. त्या शिकागोच्या मुलांसारखी आजची मुलं ते विकत घेऊ शकत नाहीत. त्यांच्या हातात काय येतं? हे पंधरा हजारांचं. तेव्हा त्या यंत्राचा खरा वारसा कोणाकडे गेला, ते तुम्हीच ठरवा.

संगीताच्या सरांची पेटी आठवते? प्रार्थनेला वाजायची ती? एक पट्टी कायम अडकायची आणि सर प्रार्थना चालू असतानाच ती करंगळीने वर उचलायचे. ती पेटी म्हणजे युरोपातल्या वाद्याची आपल्याकडे झालेली हातभात्याची, जमिनीवर बसून वाजवायची आवृत्ती. तिला मींड येत नाही, तिचे सूर आपल्या श्रुतींना धरून नाहीत, म्हणून जाणकारांनी तिला नावं ठेवली. आकाशवाणीने १९४० पासून तीसएक वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं. त्यांचे आक्षेप खोटे नव्हते. पण ती स्वस्त होती, टिकाऊ होती, भजनी मंडळाला परवडत होती, आपल्यासारख्या शाळेला परवडत होती. मला 'सा' म्हणजे काय हे तिने शिकवलं. त्या वेळी कोणी सरांना सांगितलं असतं, की हे खरं वाद्य नाही, खरी सारंगी आणा, तर आपल्याला प्रार्थनेला सूर मिळाला नसता.

आणि नेमकं तेच मी त्या पोरीला सांगितलं होतं.

मी तिला फोन केला. म्हटलं, "बाळ, मी चालू करून बघितलं. माझं चुकलं. तुझं यंत्र घेऊन ये." आधी तिने दोन महिने टाळलं, ते बरोबरच होतं. मग आली. त्या दिवशी तिने मला सांगितलं, की माझ्याकडून गेल्यावर तिने ते यंत्र कपाटात ठेवून दिलं होतं आणि अडीच वर्षं हात लावला नव्हता. माझ्या एका वाक्याने. मी मुंबईतला जाणकार ना!

दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून आम्ही संध्याकाळभर बसलो. माझं अस्सल मी पहिल्यांदाच इतका वेळ सलग वाजताना ऐकलं. तिने त्यावर कलावतीचे स्वर भरले. मी म्हटलं, "हे घेऊन जा महिनाभर." ती हसली आणि म्हणाली, "छान आहे काका. पण यात भरलेलं टिकत नाही आणि संगणकाला जोडता येत नाही. मला माझंच बरं आहे." माझं तीन लाखांचं यंत्र तिने दहा मिनिटांत परत केलं!

ती आज इथे आली आहे. मगाशी कापडामागून यंत्रं वाजवली ती तिनेच. तिच्या बाबांना, माझ्या बाकावरच्या मित्राला, मी सगळ्यांसमोर सांगतो : तुझ्या मुलीला मी उगाच दुखावलं. मला माफ कर. तू तीन वर्षांत एकदाही त्याबद्दल बोलला नाहीस, दर दिवाळीला फोन मात्र केलास. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं.

माझं अस्सल यंत्र मी विकणार नाही, आणि कपाटातही ठेवणार नाही. दुकानात ते आता टेबलावर असतं. ज्याला वाजवायचं त्याने वाजवावं, बिघडलं तर दुरुस्त करणारा शेजारीच बसलेला आहे. आणि मी घेतलेला टीडी-३ आजपासून शाळेच्या संगीताच्या खोलीत राहील. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. सोबत मराठीत लिहिलेलं चार पानांचं माहितीपत्रक आहे, सूर कसे भरायचे, मींड कशी घालायची, आणि हे मूळ कोणी बनवलं त्याचं. एखाद्या पोराने ते खोलून बंद पाडलं तर त्याला रागावू नका. माझा नंबर त्याला द्या.

बाई, आता मी आधी मोजतो आणि मग लिहितो. उशीर झाला, पण धडा लक्षात राहिला आहे.

चहा तयार आहे असं दिसतं.